दोन गोल जुळत नाहीत

कान्हा तांडेल तसा कमी बोलणारा माणूस, पण आमच्याशी पहिलं वाक्य बोलला ते वर्मी लागेल असंच. जानेवारीतला रविवार होता. करावे गावाच्या जेट्टीवर आम्ही सात-आठ जण गळ्यात दुर्बिणी अडकवून, खाडीच्या चिखलात चरणारे रोहित पक्षी बघत होतो. ओहोटीमुळे चिखलात टेकलेल्या होडीत बसून हा फाटकं जाळं सांधत होता. बराच वेळ त्यानं आमची गंमत बघितली आणि मान वर न करताच म्हणाला, "उंटावरून शेल्या हाकताय तुमी. बगायचं तर चिखलात उतरा."

बाकीचे हसले. मला राग आला. मी शुभदा सोनकांबळे, मूळची नांदेडकडची. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झाले, नेरुळला सोसायटीत राहते, आणि पोरं परगावी गेल्यावर पक्ष्यांच्या नादी लागले. फायलीतली चूक काढायची सवय अंगात मुरलेली, ती आता माणसांच्या चुका काढते. आमच्या गटात नव्या माणसाला दुर्बीण शिकवायचं काम माझ्याकडे असतं आणि ते मला उत्तम जमतं असं मी समजून होते. त्या रागातच मी त्याला विचारलं, "चिखलात उतरून पक्ष्याचा डोळा दिसतो का तुम्हाला?"

त्यानं थोडा विचार केला. "डोला? डोला नाय दिसत. मानूस जवल गेला की उडतात."

"मग या वर."

तो आला. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक, उन्हानं मान करपलेली. त्याच्या आळीत रोज खाडीत जाणारा तो एकटाच उरला होता. बाकीच्यांनी घरांवर मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, पोरं ऑफिसात लागली होती. कान्हाच्या घरावरही वरचा मजला होता आणि त्यात भाडेकरू होते, म्हणजे खाडीत गेलं नसतं तरी चूल पेटली असती. पण पाणी चढायला लागलं की त्याला घरात बसवत नसे. त्याची बायको यशोदा सकाळी सेक्टरच्या मार्केटात त्याचीच मासळी विकायची.

पक्षी त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होते, फक्त वेगळ्या कामासाठी. उंच पायाचे कुठे उभे आहेत आणि त्यांच्या गुडघ्याला पाणी लागलंय की नाही, यावरून तो होडी कुठून न्यायची ते ठरवायचा. बारके पक्षी तुरुतुरु पळतात तिथला चिखल घट्ट. आम्ही ज्यांना रोहित म्हणतो त्यांना तो नुसतं "लाल" म्हणायचा. "पक्षी म्हंजे पानी मोजायची काठी," असं त्यानं मला एका वाक्यात सांगून टाकलं.

मी माझी दुर्बीण काढून तिचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला. ही माझी पहिली अट, कारण महागाची वस्तू हातातून सुटते. त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसले आणि ती अशी धरली, जणू ती गरम आहे. मी शिकवायला लागले. मधला सांधा दाबून दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या करायच्या. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायचा, नजर हलवायची नाही, आणि दुर्बीण वर आणायची. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून मधलं चाक फिरवायचं. सुरुवातीला दोन गोल दिसतात. ते जुळून एक झाले की बरोबर.

पक्षी हेरून त्यावर दुर्बीण आणायला लोकांना दोन-तीन रविवार लागतात. कान्हानं ती पहिल्याच खेपेला आणली. चाक फिरवलं. बाकीचे पुढे निघून गेले तरी दुर्बीण डोळ्याला तशीच.

"याचा डोला लाल हाय," तो म्हणाला. "मदी काला ठिपका. चालीस वर्सं मी यांच्या मदून होडी नेतंय, मना म्हाईतच नाय."

त्याच्या आवाजात मला शरमेसारखं काहीतरी ऐकू आलं. शेजारच्याचं नाव इतकी वर्षं विचारलं नाही हे एकाएकी लक्षात आलं की माणसाला वाटतं, तसं. माझा राग तिथेच गेला, हा माणूस मला आवडला. नंतर तो म्हणाला, "पन गोल एकच हाय. डावीकडं नुसता धूर."

"सवय होईल," मी म्हणाले.

हे मी शंभर जणांना सांगितलेलं वाक्य. नव्या माणसाला कधी अर्धा गोल काळा दिसतो, कधी स्वतःच्याच पापण्या दिसतात, कधी दोन गोल काही केल्या एक होत नाहीत. नळ्यांचं अंतर चुकलेलं असतं किंवा दुर्बीण डोळ्यांवर तिरकी टेकवलेली असते. म्हणून मी अंतर नीट केलं, दुर्बीण सरळ केली, आणि त्याला सांगितलं की घाई करू नका.

पुढच्या रविवारी तो धुतलेला शर्ट घालून जेट्टीवर आमच्या आधी हजर. त्याच्या पुढच्याही. दुर्बीण हातात पडली की अर्धा तास परत द्यायचा नाही. तुतारी पक्ष्याच्या चोचीला शेवटी बाक आहे हे त्यानं मला दाखवलं. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं, त्यानं स्वतः शोधलं होतं. पण दर वेळी शेवटी तेच गाऱ्हाणं, डावीकडं धूर. तिसऱ्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, डावीकडलं टोपन काढलंय ना?"

सगळे हसले आणि मला टाळी घ्यायची हौस आली. "नाचता येईना अंगण वाकडं, कान्हाभाऊ," मी म्हणाले. तोही हसला. ते वाक्य मला आजही झोपताना आठवतं, आणि आठवलं की मी कूस बदलते.

चौथ्या रविवारी मात्र मला दुर्बिणीचाच संशय आला. डाव्या नळीत बुरशी धरली असेल, खाडीच्या हवेत धरते. मी ती घेऊन डाव्या बाजूनं बघितलं, लख्ख होती. कान्हाला परत दिली. तो डोळ्याला लावून उभा राहिला तेव्हा, का कोण जाणे, मी माझा तळहात उजव्या नळीपुढे धरला.

"आता काय दिसतं?"

"काय दिसनार? झाकलीत ना तुमी."

"मी उजवी झाकलीय, कान्हाभाऊ. डावी उघडी आहे."

त्यानं दुर्बीण खाली घेतली नाही. माझा हातही तिथेच राहिला. समोर पन्नास पावलांवर रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता, त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. थोड्या वेळानं त्यानं दुर्बीण खाली केली, उजव्या डोळ्यावर आपला स्वतःचा हात ठेवला आणि खाडीकडे बघितलं. मग हात काढून परत ठेवला. असं त्यानं चार-पाच वेळा केलं.

"कधीपासनं असंल?" त्यानं मलाच विचारलं.

इतकी वर्षं कळलं कसं नाही, याचं उत्तर त्याच्या धंद्यात होतं, आणि ते त्यानंच मला होडीच्या कडेला बसून सांगितलं. खाडीत जाळं लावायची जागा पाण्यावर लिहिलेली नसते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक लांबची. त्याच्या बापाच्या वेळेस देवळाचा कळस आणि मागचा पारसिकचा डोंगर होता. आता विजेचा मनोरा आणि एका टॉवरची पाण्याची टाकी. होडी सरकवत सरकवत त्या दोन खुणा एकामागे एक आल्या की जागा आली. आणि खूण धरायची ती एका डोळ्यानं, दोन्ही उघडे ठेवले तर खूण फाटते. बापानं नवव्या वर्षी होडीत बसवून शिकवलं होतं, डावा मिट. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की काहीही निरखून बघायचं झालं, मासा असो की मोबाईल, डावा डोळा आपोआप मिटायचा. तो कधी विझला ते मिटलेल्या पापणीआड कुणाला दिसणार? दोन्ही डोळे उघडे ठेवून एका जागी बघायला त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर ते मी.

"यशोदाला सांगू नका," तो म्हणाला. "डाक्टरकडं नेतील. डाक्टर बोलनार, होडी सोड."

मला गुपितं ठेवता येत नाहीत, आणि हे गुपित ठेवायचं नव्हतंच. सोमवारी सकाळी मी मार्केटात यशोदाबाईंच्या पाटीसमोर उभी राहिले. त्या मांदेली साफ करत होत्या. मी सांगितलं तसा त्यांचा कोयता थांबला.

"दोन वर्सं," त्या म्हणाल्या. "डावीकडं पान्याचा तांब्या ठेवला का लवंडतो. दाराला खांदा आपटतो. मी म्हनलं पितो. रोज राती त्याचं तोंड हुंगलंय मी, ताई. वास नाय आला तरी म्हनलं, लपवतो."

त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, हात मासळीचे होते. तशाच रडल्या.

कान्हा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. जेट्टीवर दिसला की होडीत बसल्या जागी पाठ फिरवायचा. मला वाईट वाटलं, पण पस्तावा नाही झाला. शेवटी यशोदाबाईंनी होडीची साखळी खुंटाला कुलूप घालून बांधली, किल्ली कमरेला खोचली आणि नवऱ्याला म्हणाल्या, डोळे दाखवून ये, मग माग. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही तेव्हा तो तयार झाला. कागदपत्रं माझा प्रांत, म्हणून केसपेपर काढायला मीही सोबत गेले.

दवाखान्यात त्याला एका यंत्रासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, समोर कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटन दाबायचं. आधी उजवा डोळा. बटन थांबून थांबून वाजत होतं. मग डावा. मी आणि यशोदाबाई पडद्याबाहेर कान देऊन उभ्या होतो. बटन वाजलंच नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती, श्रुती नावाची, पण बोलली थोरल्या माणसासारखी. काचबिंदू आहे म्हणाली. डोळ्यातला दाब वाढून मागची नस वाळत जाते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. डाव्याची गेली, ती परत यायची नाही. उजव्यात मधलं नीट आहे, कडेचं निम्मं गेलंय. थेंब रोज, न चुकता, मरेपर्यंत. थेंब घातले तर आहे तेवढं टिकेल. होडीत एकटं जायचं नाही.

कान्हानं मान हलवली. होडीबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, त्याला समजलंच नाही.

"घरात आधी कुणाला होतं का?" डॉक्टरनं विचारलं. "वडील, भाऊ? हे रक्तातून येतं. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं."

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. कान्हा जमिनीकडे बघत होता.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं सांगितलं ते यशोदाबाईंना माहीत होतं, मला नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी कान्हाचा बाप जेट्टीवरून पडून गेला. त्या पहाटे बापासोबत कान्हाचा धाकटा भाऊ कुंदन होता. बापाला जेट्टीवर उभा करून कुंदन होडीची दोरी सोडायला वाकला, तेवढ्यात म्हातारा डाव्या कडेवरून खाली दगडांत गेला. ओहोटी होती. कुंदन शपथेवर सांगत होता की बापूस आपल्या पायानं कडेकडे चालत गेला. कान्हानं ऐकलं नाही. अंत्ययात्रा निघायच्या आधी, आळीतली शंभर माणसं उभी असताना, तो भावाला म्हणाला होता, "तू हात सोडलास म्हनून बापूस मेला." कुंदननं त्या दिवसापासून खाडी सोडली. शिरवण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीची बस चालवायला लागला. दोन आळ्यांच्या अंतरावर राहणारे दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत.

"शेवटाला बापूस पन दाराला आपटायचा," कान्हा म्हणाला. "आमी हसायचू. म्हातारा झाला, म्हनायचू." मग म्हणाला, "डावीकडनं पडला तो. त्याला कड दिसलीच नसंल. कुंदन खरं सांगत होता, ताई. मी त्याला बापाचा मारेकरी केला."

  पण यशोदाबाई वेगळ्याच गोष्टीनं पांढऱ्या पडल्या होत्या.

"कुंदनभावजी बस चालवतात," त्या म्हणाल्या.

कान्हाच्या मनात तेच चाललं असावं. आपला एक डोळा गेला, होडी गेल्यात जमा, ते त्यानं बाकावर बसल्या बसल्या गिळून टाकलं. आता त्याला धाकट्याचे डोळे हवे होते. पण कुंदनच्या घराची पायरी चढायला त्याला तोंड नव्हतं, आणि कुंदन त्याच्या दारात येणार नव्हता. शेवटी यशोदाबाई गेल्या. भावजयीचा शब्द कुंदननं कधी मोडला नव्हता. ठरलं ते असं, की कंपनीला सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी त्यानं जेट्टीवर यायचं.

"तुमी पन या," कान्हा मला म्हणाला. "दुर्बीन घेऊन. माजं तोंडी ऐकनार नाय तो."

पौर्णिमा होती. दुपारचे साडेबारा. कुंदन आला आणि जेट्टीच्या तोंडाशीच थांबला. नऊ वर्षांत त्यानं तिथे पाय ठेवला नव्हता. कान्हासारखीच चण, केस जास्त काळे, कंपनीचा निळा शर्ट. यशोदाबाईंनी त्याला हाताला धरून पुढे आणलं, तो पायांखाली बघतच आला, पाण्याकडे त्यानं मान वळवली नाही.

कान्हानं प्रस्तावना केली नाही. "मी चुकलू," म्हणाला. "बापूस तुज्यामुलं नाय गेला. त्याला दिसत नव्हतं. माजा डावा गेलाय, तसाच त्याचा गेला असंल. मी लोकांसमोर बोललू, आता लोकांसमोर मागं घेतंय. आळी बोलव, तिथं पन बोलतंय."

कुंदनचा चेहरा हलला नाही. पण यशोदाबाईंचा हात त्याच्या हातात होता, तो त्यांनी नंतर मला दाखवला, त्यावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

"ठीक हाय," तो म्हणाला. "झालं ते झालं."

"झालं नाय. डाक्टर बोलते, भावाला पन असतो. तुला बगायला पायजे."

"मना सगलं दिसतं. रोज चालीस मानसं नेतंय, आनतंय."

"म्हनूनच बोलतंय. ताईंच्या दुर्बिनीतनं बग. उजवी बाजू ताई झाकतील. डाव्यानं बग आन् सांग."

कुंदन माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. मी पट्टा त्याच्या गळ्यात घातला. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावून खाडीकडे तोंड केलं आणि मी उजव्या नळीपुढे तळहात धरला.

"काय दिसतं?" कान्हानं विचारलं.

"पक्षी," कुंदन म्हणाला. "लाल. बसलेत चिखलात."

"किती?"

"पाच. सा असतील."

मी समोर बघितलं. पौर्णिमेचं उधाण होतं, भरती पुरती चढली होती. कांदळवनाच्या फांद्यांपर्यंत नुसतं पाणी होतं. चिखल बुडाला की रोहित पक्षी मागच्या तळ्यावर जातात. अख्ख्या खाडीत एक पक्षी नव्हता. कुंदन नऊ वर्षं बस चालवत होता आणि कुठल्या तिथीला किती वाजता पाणी भरतं हे विसरला होता. कान्हा विसरला नव्हता. त्यानंच ही वेळ ठरवली होती.

"कुंदन," तो म्हणाला, "भरती हाय."

कुंदननं दुर्बीण खाली घेतली नाही. ती डोळ्यांवर दाबून धरून तो उभा राहिला, आणि त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो काय करतोय. मी हात काढून घेतला.

"दीड वर्स झालं," तो दुर्बिणीआडून म्हणाला. "डावीकडनं मोटरसायकल येते ती दिसतच नाय. एकदम पुढं उगवते. बोललू तर गाडी काढून घेतील म्हनून नाय बोललू. श्रीफल फोडतंय रोज सकाली, आन् बसतंय."

"उद्या नाय बसायचं."

"नाय बसत."

"माजा अर्दा उजवा हाय, तुजा उजवा असंल काय तो. आताच जाऊ. दवाखाना चारपर्यंत चालू असतो."

कुंदननं पट्टा गळ्यातून काढून दुर्बीण मला दिली. तिच्या काचा ओल्या झाल्या होत्या. तिघं जेट्टीवरून निघाले. कठडा नसलेल्या जेट्टीवर कान्हा कुंदनच्या डाव्या बाजूला गेला आणि त्यानं भावाचा दंड धरला. मग यशोदाबाई मागून येऊन कान्हाच्या डाव्या बाजूला झाल्या आणि पाण्याच्या कडेनं चालू लागल्या.